पिंगळ्याचा हुंकार

एका राज्यात उदयभान नावाचा राजा होता. पुढचे कळल्याशिवाय त्याला घास गोड लागेना. म्हणून त्याने भविष्य पाहणारा पिंगळा, म्हणजे इवलेसे घुबड, रानातून धरून आणला आणि सोन्याच्या पिंजऱ्यात कोंडला. त्या रानात राहणारा एक मांत्रिक संतापला. म्हणाला, "राजा, आता तुझ्या राज्याला प्रत्येक गोष्टीचा शेवटच आधी ऐकू येईल. पिंगळा ज्या दिवशी शेवट गिळून नुसता हुंकार देईल, त्या दिवशी शाप सुटेल."

झाले! कोणी काही आरंभले की पिंगळा ओरडे. पेरणीला निघावे तर "बुडेल!", वरात निघावी तर "रडेल!" लोकांनी पेरणे सोडले, लग्ने सोडली. कहाण्या तर चुलीत गेल्या. शेवट आधीच ठाऊक असलेल्या कहाणीला हुंकार कोण देणार?

त्या नगरात गिरजा नावाची कहाण्या सांगणारी बाई होती. तिची लेक शेवंती तापाने झिजत होती, आणि कहाणीवाचून पोर औषध घेईना. गिरजा लेकीला कडेवर घेऊन दरबारात गेली.

"महाराज, पिंगळ्याला कहाणी सांगते."

"तीन सांग. एकीलाही त्याचा हुंकार मिळाला नाही तर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

पहिली राजपुत्राची. पिंगळा ओरडला, "बुडून मरतो!" दुसरी राक्षसाची. "राक्षस जिंकतो!" तिसरी काही केल्या सुचेना.

शेवंती म्हणाली, "आई, माझी सांग ना."

"एक होती शेवंती."

"हूं," शेवंती म्हणाली.

"तिनं दारात जाई लावली."

"हूं."

"रोज पाणी घालून विचारायची, कळी कधी येणार?"

पिंगळ्याने चोच उघडली. पोर त्याच्याकडे बघून हसली. त्याच्या गोल डोळ्यांत पाणी आले. चोच मिटून तो हळूच म्हणाला, "हूं."

पिंजरा वितळला. नांगर हलले, सनया वाजल्या. राजाने मुकुट उतरवून पक्ष्याला हात जोडले. गिरजेने तेवढे लेकीला छातीशी घट्ट धरले. कुणाचाच शेवट पोटात न ठेवणाऱ्या पिंगळ्याने शेवंतीचाच का गिळला, हे आईला न सांगता कळले.

"पुढं काय झालं, आई?"

"पुढं तिनं जाईला पाणी घातलं."

रोज गिरजा ती कहाणी थोडी थोडी लांबवी आणि परसात जाऊन रडे.

जाईला कळी आली तेव्हा शेवंती नव्हती. गिरजा वेलीपाशी बसली. सवयीने म्हणाली, "एक होती शेवंती," आणि थांबली. हुंकार द्यायला कोणी नव्हते.

वेलीवरून पिंगळा म्हणाला, "हूं."

मग गिरजेने ती कहाणी शेवटपर्यंत सांगितली.