साच्यातली रांग

फार पूर्वी नव्हे, एका कारखान्यात पातळ सिलिकॉनमध्ये लोखंडाचा कीस कालवून साच्यात ओतला. कण मजेत तरंगत होते. तेवढ्यात साच्यावर लोहचुंबक ठेवला गेला.

"माझ्याकडे तोंड करा, रांगेत उभे राहा!" तो गरजला. सगळे धावले.

एक कण ओरडला, "अरे, सिलिकॉन घट्ट होत चाललंय! आत्ताच फिरा, नाहीतर जन्मभर असेच राहाल."

"गप रे, साहेब बघतायत. ते गेले की फिरू," म्हणत बाकीच्यांनी त्यालाही रांगेत ओढलं.

दुपारी लोहचुंबक उचलून दुसऱ्या साच्यावर ठेवला. तिथूनही तीच गर्जना ऐकू आली.

"गेले साहेब! फिरा आता," रांगेतले कण एकमेकांना म्हणाले.

कुणालाच फिरता येईना. रिकाम्या जागेकडे तोंड करून सगळे अजून उभे आहेत. ओरडून सांगणाराही त्याच रांगेत आहे.