घुशीच्या दारातली हिरवळ

उन्हाने रापलेल्या एका माळावर एक घूस राहत असे आणि मुलांनो, तिच्या बिळात चक्क नळीने पाणी येत असे! चढावर तिची विहीर होती. विहिरीच्या तळाजवळून निघालेली बांबूची नळी जमिनीखालून थेट बिळातल्या दगडी डोणीपर्यंत आणलेली होती. नळीचे तुकडे जिथे जोडले होते, तिथे काथ्या गुंडाळून वर चिकणमाती लिंपलेली. हवे तेव्हा बूच काढायचे, पाणी भरायचे, पुन्हा बूच लावायचे. विहिरीतले पाणी स्वच्छ राहावे म्हणून तिने ओढ्यातले एक म्हातारे कासव आणून आत सोडले होते. विहिरीच्या कडा उभ्या. कासवाला आपल्या पायांनी वर येणे शक्य नव्हते. पण पाणी भरपूर होते आणि घूस त्याची विचारपूसही करी.

एका उन्हाळ्यात सगळा माळ करपला आणि घुशीच्या दारात मात्र लुसलुशीत हिरवळ उगवली. ससे आले, तित्तर आले. "घूसबाई, तुमच्या हाताला गुण आहे हो!" एक ससा गवत चघळत म्हणाला. आजवर घुशीला पाहून जो तो नाक मुरडायचा, बाई म्हणून कोणी हाक मारली नव्हती. बिचारी हरखून गेली.

त्याच सुमारास कासव तिला म्हणाले, "अगं, पाणी उतरतंय. कुठंतरी गळत असणार. आज बूच घट्ट लाव आणि उद्यापर्यंत थेंबही घेऊ नकोस. मी इथं दगडावर ओरखडा काढून ठेवतो." दुसऱ्या दिवशी पाणी ओरखड्याच्या बोटभर खाली गेलेले होते.

"झरा आटत असेल, काका," घूस म्हणाली.

"झरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. बारीक झालाय, पण चालू आहे. नळीच्या वाटेवर कुठं ओल दिसते का बघ."

ओल कुठे आहे, हे घुशीला पक्के ठाऊक होते. हिरवळ नळीच्या बरोबर वर होती. पण तिथे उकरायचे म्हणजे गवत जाणार आणि गवताबरोबर कौतुकही जाणार. अख्खा माळ उकरून ठेवणारी ती घूस, पण तिला तेवढी जागा उकरवेना. "एवढ्याशा गळतीनं काय होतंय, काका? बघते उद्या," असे म्हणून ती निघून गेली.

उन्हे वाढत गेली, झराही थेंबाथेंबावर आला. काही दिवसांनी विहिरीतून हाक आली, "बाई, माझ्या पोटाला चिखल लागतोय गं. गळती राहू दे, मला तरी वर काढ." घूस घाईत होती. "आज तित्तराकडची मंडळी गवत बघायला येणार आहेत. उद्या नक्की काढते!" ती खोटे बोलत नव्हती. उद्या आपण खरेच काढू, असे तिला रोज वाटत होते.

एका सकाळी तिने बूच काढले, तर डोणीत थेंबही पडला नाही. ती धावत विहिरीपाशी गेली. "काका! अहो काका!" कोणी ओ दिली नाही. ती धडपडत खाली उतरली. तळाचा चिखल तडकला होता आणि त्यात मान बाहेर टाकून कासव निपचित पडले होते. त्याने जीव सोडला होता.

मग घुशीने हिरवळ उकरली. एका जोडाचा काथ्या कुजला होता, एवढेच. नवा काथ्या आणि मूठभर माती, दुपार व्हायच्या आत काम झालेसुद्धा.

"अरेरे, इतकं छान गवत का हो उपटलंत?" वाटेने जाणाऱ्या सशाने विचारले.

"गवत पुन्हा उगवलं असतं रे," घूस म्हणाली आणि तिथेच मातीत बसून रडू लागली.

तात्पर्य : चूक आपल्याला सुखावते म्हणून ती तशीच राहू देऊ नये, तिची झळ बहुधा दुसराच कोणीतरी सोसत असतो.