बुवांच्या तोंडावर विंडो

"पण बुवा, तुमच्या तोंडावर विंडो उघडायची कशी?"

हेरंबनं हे विचारलं तेव्हा मी चहाचे पेले घेऊन दारात उभी होते. एक पेला हातातून सुटता सुटता राहिला.

अण्णाबुवांनी स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवून पाहिला. नाक, दाढी, सगळं जागच्या जागी होतं.

"कुठली विंडो रे?"

"कॉम्प्युटरवरची, बुवा."

बुवांनी पुन्हा दाढी चाचपली.

त्यांना काही उमगलं नव्हतं. मला मात्र सगळं ठाऊक होतं, कारण महिनाभर त्या कॉम्प्युटरपायी माझाच जीव मेटाकुटीला आला होता.

आमचा मठ लहान. दूधगंगेच्या काठी, चिंचेच्या सावलीत. गादीवर अण्णाबुवा, आणि कोठीवर मी. डाळतांदूळ, चहा, आल्यागेल्याचं ताट, सगळं माझ्याकडे. हेरंब पूर्वी सांगलीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. बुवांचा अनुग्रह घेतला आणि इथंच राहिला. पोरगा गुणी, नाही म्हणत नाही. पण आपल्याला सगळं येतं, ही ऐट काही सुटली नव्हती.

त्याला सेवा मिळाली ती बायाक्काची पदं उतरवून घेण्याची.

बायाक्का म्हणजे ऐंशी उलटलेली आमची गाणारी. मठ ज्यांनी स्थापला त्या मूळ बुवांची पदं तिला तोंडपाठ. ती कधी छापली नाहीत, कुणी लिहून ठेवली नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात आलेली, आणि आता गळा उरला होता तिचा एकटीचा. आता दोनच दिवसांनी तिचा मुलगा तिला सुरतेला न्यायला येणार होता, कायमची. एकदा गेली की ती परत यायची नाही, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही.

मोबाईलवर आवाज घेऊन पाहिला होता. पण तोंडात दात नाहीत, शब्द धड कळत नाहीत. तिच्यासमोर बसायचं, थांबवायचं, विचारायचं, मग लिहायचं. दुसरा उपाय नव्हता.

आणि या शहाण्यानं महिनाभर काय केलं? कॉम्प्युटर सजवला.

आधी सगळीकडे भगवा रंग आणला. फोल्डरांना कमंडलूचं चित्र दिलं. माउसच्या बाणाचा त्रिशूळ केला. मग डेस्कटॉपला वॉलपेपर म्हणून बुवांचा फोटो लावला. पडदाभर बुवा, खांद्यावर घोंगडी, हसताहेत. झकास दिसत होतं, खोटं कशाला बोलू? मीसुद्धा हात जोडले.

तिथून त्याची पंचाईत सुरू झाली.

त्रिशूळ बुवांच्या डोळ्यात शिरायला लागला, म्हणून त्याचं फूल केलं. रिसायकल बिन बुवांच्या पायाशी होता. कचऱ्याचा डबा पायाशी बरा दिसेना, खांद्यावर नेला तर त्याहून वाईट, शेवटी तो लपवूनच टाकला. एकेक आयकॉन बुवांच्या अंगावरून उतरवला आणि कडेला दर्शनाच्या रांगेत उभा केला. पडदा थोड्या वेळानं आपोआप काळा व्हायचा, ती सेटिंग बंद केली, कारण बुवांच्या तोंडावर अंधार नको. शट डाऊन करायचं तर नावच नको. संध्याकाळी वीज गेली की इन्व्हर्टरवर बुवा हसत बसायचे, आणि मी कोठीत चाचपडत भाकऱ्या थापायची.

रोज उदबत्ती लागायची. तिची राख कीबोर्डात जायची. चपला खोलीबाहेर काढाव्या लागायच्या.

आणि टाईप करायचं तर विंडो उघडावी लागते. ती उघडली की बुवा झाकले जातात. गुरूला झाकायला हेरंबचा हात धजावेना. बायाक्का रोज सकाळी यायची, खलबत्त्यात पान कुटत वाट बघायची, आणि उठून घरी जायची. एक ओळ उतरली नव्हती.

मी त्याला म्हटलं होतं, मेल्या, काढून टाक तो फोटो. तर त्याचे डोळेच भरून आले. काकी, गुरूला काढून टाकू का, असं मलाच विचारायला लागला. मग कागदावर लिही म्हटलं, तर म्हणे बुवांनी सेवा कॉम्प्युटरवर सांगितलीय. आता असल्या भक्तापुढे काय बोलणार, कप्पाळ?

आज मात्र मीच त्याला दंडाला धरून बुवांपुढे आणलं होतं.

हे सगळं बुवांनी माझ्याकडून ऐकून घेतलं. मला वाटलं, आता चांगले झापतील. मला तेच हवं होतं. बुवा नुसते उठले आणि कॉम्प्युटरच्या खोलीकडे चालायला लागले. दारात हेरंबनं हळूच चपलांकडे बोट दाखवलं. बुवांनी चपला काढल्या. स्वतःच्याच फोटोपुढे.

आत बायाक्का पान कुटत बसली होती. बुवांना लहानपणी तिनं कडेवर खेळवलेलं, त्यामुळे मठात एकटी तीच त्यांना अण्णू म्हणते.

बुवा पडद्याजवळ वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"कोण रे हा? तरणा दिसतोय."

बायाक्का बोळकं उघडून हसली. हेरंब हसला नाही. मान ताठ करून उभा राहिला.

"बुवा, तुम्हाला झाकायचं पाप माझ्या हातून होणार नाही."

पाप म्हणतानाही लेकाची ऐट होतीच.

"आणि पदं?"



हेरंब म्हणाला, तुम्ही आज्ञा करा, फोटो आत्ता काढतो. म्हणजे पाप नको, आणि ठपकाही नको.

"फोटोनं तुझं काय वाकडं केलंय? असू दे की."

एवढं बोलून बुवा खाली बायाक्काशेजारी मांडी घालून बसले. खांद्यावरची घोंगडी सोडली, झटकली आणि डोक्यावरून घेतली. पार पायापर्यंत. भर वैशाखात. जमिनीवर एक काळा ढीग तेवढा उरला.



ढिगातून आवाज आला.

"हेरंब, मी आहे का?"

"आहात, बुवा."

"दिसतो का?"

"...नाही."

"मग घे लिहायला. पहिलं पद उतरल्याशिवाय मी बाहेर येत नाही. आणि आत उकडतंय, हे ध्यानात असू दे."

बायाक्का घाबरली. अण्णू, मरशील रे, म्हणाली. ढीग हलला नाही.

 हेरंबनं माउस धरला. बाणाचं ते फूल पडद्यावरून सरकत गेलं आणि एक पांढरी विंडो उघडली. अगदी एवढीशी, बुवांच्या कोपराशी. बायाक्कानं पदाची पहिली ओळ म्हटली. ती त्या विंडोत मावेना.

त्यानं विंडोची कड जराशी ओढली. फोटोतल्या बुवांचा हात झाकला गेला. दुसरी ओळ आली, तशी छाती गेली. मग दाढी. मग ओठांवरचं हसू गेलं. फोटोतले डोळे तेवढे वर राहिले, आणि हेरंब थांबला.

खोटं नाही सांगत, मीही नजर दुसरीकडे वळवली.

ढीग आतून खोकला.

हेरंबनं डोळे मिटले आणि कड वरपर्यंत ओढली. पडदा कोरा पांढरा झाला.

बायाक्का पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली.

"घागर बुडवता गं, चंद्र पाण्यात मोडला,
मोडला म्हणून कोणी, पाणवठा का सोडला?"

हेरंब टाईप करू लागला. आधी चाचरत. एक शब्द कळला नाही, म्हणून विचारला. तिनं पुन्हा सांगितला. तो पुढे सरकून बसला. तिच्या तोंडाकडे बघायचं, बोटं चालवायची, आणि पुन्हा बघायचं. उदबत्ती विझली ती त्याच्या लक्षात आली नाही. मी चहाचे पेले घेऊन गडबडीत चपला घालूनच आत गेले होते, तेही त्याला दिसलं नाही. चहा गार झाला.

पद संपलं. आता हा उठेल आणि बुवांना बाहेर काढेल, म्हणून मी पंखा ढिगाकडे वळवला.

"पुढचं?" तो बायाक्काला म्हणाला.

ती सुरू झाली. तिचाही आवाज मोकळा होत चालला होता. इतके दिवस नुसतं पान कुटून तीही कंटाळली असणार.

मला राहवेना. अगं बाई, म्हातारा आत भाजतोय! मी अरे म्हणते न म्हणते, तेवढ्यात घोंगडीतून एक बोट बाहेर आलं. गप्प बस, असं ते हललं आणि पुन्हा आत गेलं.

मी पंखा आणखी जवळ सरकवला.

अशी किती पदं झाली, मी मोजली नाहीत. शेवटी बायाक्काचा घसा बसला. ती म्हणाली, आता बास, राहिलेली उद्या उजाडताच घेऊ, लेक यायच्या आत होतील. हेरंबनं मान डोलावली, खुर्चीत मागं रेलला, हातपाय ताणले. समाधानानं वळला... आणि त्याला जमिनीवरचा ढीग दिसला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावला, गुडघ्यावर बसला आणि घोंगडी ओढून काढली.

बुवा घामानं निथळत होते. दाढी गळ्याला चिकटलेली, तोंड लालबुंद. आणि हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

हेरंबनं त्यांचे पाय धरले. मी तुम्हाला विसरलो, विसरलो, एवढंच म्हणत राहिला. हुंदके देत होता बिचारा. त्याच्यावरचा माझा राग तिथंच संपला.

बुवांनी त्याला उठवलं. माझ्या हातातला गार चहा घेतला, एका घोटात संपवला आणि पडद्याकडे बोट केलं. तिथं वरपासून खालपर्यंत अक्षरंच अक्षरं होती.

"बघ बरं. मी कुठं दिसतो का?"

हेरंबनं डोळे पुसले. नीट बघितलं.

"नाही, बुवा. कुठंच नाही."

"हां. आता माझा फोटो नीट लागला."