चंपाकाकीचं नेहमीचं

महालिंगआप्पाच्या आजानं मांडलेल्या किराणा दुकानासमोर धनाजीशेठनं मॉल काढला. एक दिवस मिशीला पीळ देत तो आप्पाला म्हणाला, "माझ्याकडं न मिळणारी एक वस्तू दाव. न्हाईतर दुकान मला इक. गाड्या लावाया जागा हुईल."

"कबूल," आप्पा म्हणाला. तेवढ्यात शेठचीच म्हातारी आई, चंपाकाकी, पिशवी घिऊन आली. आप्पा गालात हसला. "काकी, आज लेकाकडं जावा. मला सांगता तेच त्याला सांगा."

काकी मॉलात गेली न् म्हणाली, "नेहमीचं दे."

शेठनं कपाटं धुंडाळली, कॉम्प्युटर धुंडाळला. काकी कटाळून माघारी आली. आप्पानं काय बी न इचारता जुना तांदूळ आन् पातळ पोहे बांधून दिलं.

"पातळच का?" मागनं आलेल्या शेठनं इचारलं.

"आईला दात राह्यलं न्हाईत, शेठ. गाड्या दुसरीकडं लावा."