टिपणीससाहेबांची शाल

सोसायटीच्या वार्षिक जेवणात यंदा कागदी नॅपकिन नकोत, जुन्या सुती साड्यांचे धुतलेले रुमाल ठेवू, असं कुंदाताईंनी भर सभेत सुचवलं. अध्यक्ष टिपणीससाहेबांचा नुकताच सत्कार झाला होता. खांद्यावरची शाल सावरत ते गरजले, "दुसऱ्यांनी वापरलेलं कापड मी अंगाला लावत नाही! कागदीच आणा!"

कुंदाताई हसल्या. "मग आधी ती शाल उतरवा, साहेब. ती माझ्या सत्कारातली. चहाचा डाग झाकायला कोपऱ्यात मोर मीच भरला, आणि पुढे भेट देऊन टाकली. फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलेली दिसतेय!"

साहेबांनी कोपरा उलटून पाहिला. मोर होता. सभा खदखदून हसली.

साहेब पुटपुटले, "रुमाल... स्वच्छ धुतलेत ना?"

"शालीपेक्षा स्वच्छ!"