मडक्यांविना पाठ

कुंभाराच्या गाढवीला तुम्ही कधी पळताना पाहिलं आहे का? फार पूर्वी एका गावात चिमी नावाची गाढवी होती. पाठीवरची मडकी फुटू नयेत म्हणून ती जन्मभर जपून चालत आली होती. आपल्याला पळता येतं का, हे एकदा तरी बघावं असं तिला फार वाटे. म्हणून उतारवयात ती नदीच्या वाळूतल्या शर्यतीला उभी राहिली.

"मावशी, वाटेत टेकायला घोंगडी आणलीत ना?" शेजारची कालवड म्हणाली.

"नाही गं. दमले तर उभीच राहीन."

शर्यत सुटली आणि चिमी चक्क सगळ्यांच्या पुढे गेली. पण अर्ध्या वाटेत तिला काहीतरी चुकल्यासारखं झालं. पाठीवर मडक्यांची खडखड ऐकू येत नव्हती. पडली की काय? ती गर्रकन वळली आणि मडकी शोधत उलटी निघाली.

"मावशी, इकडे कुठे?" समोरून येणाऱ्या कालवडीने विचारलं.

"मडकी पडली गं."

"अहो, आज मडकी होतीच कुठे?"

चिमी वाळूत थबकली. कालवड म्हणत होती ते खरं होतं, पण पाठीला ते पटेना. पुढे जावं की मागे, हेच तिला कळेना. ती पोहोचली तेव्हा सगळे घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभाराने बाजारात मडकी उतरवली, तशी चिमी रिकाम्या पाठीने घरापर्यंत पळत आली. मागे वळून बघायला ती वाटेत एकदाच थांबली.