कोर्टात भरलेली सभा

इंग्लंडात एकेकाळी असा कायदा होता, की सरकारी चर्च सोडून पाचाहून जास्त माणसं प्रार्थनेला जमली की तो गुन्हा! क्वेकर पंथाची माणसं तरीही जमायची. ना पाद्री, ना भजन. नुसती गप्प बसायची.

एका रविवारी पिम नावाच्या शिपायानं डॉर्कस विल्मॉट या विधवेच्या घरची अख्खी सभाच पकडून आणली. गुन्हा शाबीत झाला, तर सगळ्यांना सातासमुद्रापार हद्दपारी!

न्यायाधीश थॉर्प गरजले, "पिम, काय पाहिलंस?"

"सगळे डोळे मिटून गप्प बसले होते, हुजूर."

"हीच ती प्रार्थना! बोल बाई, मनात काय चाललं होतं तुझ्या?"

डॉर्कस उभी राहिली आणि गप्पच राहिली. आता ही काय बोलते म्हणून सगळ्या कोर्टानं श्वास रोखला. कारकुनाची लेखणी थांबली. थॉर्पनी वैतागून डोळे मिटले.

तेवढ्यात डॉर्कस वळली. "पिम, आत्ता इथे काय पाहिलंस?"

पिम भाबडा. "सगळे गप्प होते. साहेबांनी तर डोळेही मिटले होते."

"पाचाहून जास्त होते?"

"कोर्ट गच्च भरलंय की, बाई!"

क्वेकर माणसं राजालाही 'तू'च म्हणायची. डॉर्कस थॉर्पना म्हणाली, "मित्रा, तुझ्या मनात काय चाललं होतं, ते मी नाही विचारत. फक्त एवढंच सांग, आमच्या जहाजात तुझीही जागा धरू का?"

असा हशा उसळला, की खटला तिथेच बुडाला!

पुढच्या रविवारी डॉर्कसच्या घरी पुन्हा सभा भरली. कोपऱ्यात पिम बसला होता, डोळे मिटून.